कोच

कोल्हापुरात फुटबॉल खेळणाऱ्यांपेक्षा फुटबॉल शिकवणारे जास्त. त्यातले थोडे मैदानावर असतात, बाकीचे पेठापेठांतल्या कट्ट्यांवर. या कट्टेवाल्यांमध्ये अलीकडे एक नवा वाण आला आहे. हा माणूस मैदानात उतरत नाही, कारण त्याचा गुडघा गेलेला असतो. कोणत्या सामन्यात गेला हे विचारलं की दर वेळी सामना बदलतो आणि कधी कधी गुडघाही. दोन्ही अंगठे मात्र शाबूत असतात, आणि त्यांच्या जोरावर तो प्लेस्टेशनवर फिफा खेळतो. कंपनीनं 2023 साली गेमचं नाव बदलून 'ईए स्पोर्ट्स एफसी' केलं, पण पेठेला कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळं पेठेत ते अजून फिफाच आहे. आणि या माणसाला पेठ 'कोच' म्हणते.

कोचनं पस्तिशी ओलांडलेली आहे. अंगात अर्जेंटिनाची दहा नंबरची जर्सी. तिच्यावरचे पट्टे पोटापाशी आले की बाहेर वळसा घेतात. पायात करकरणारी कापशी चप्पल. संध्याकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन तो गेम पार्लरमध्ये येतो. तिथला रिवाज असा, की हरणाऱ्यानं तासाचे पैसे द्यायचे. कोच आला की पार्लरवाला स्वतः उठून खुर्ची पुसून देतो, यातच काय ते समजा.

खेळायच्या आधी कोच बोलतो. आणि खोटं वाटेल, पण त्याचा शब्दन्‌शब्द बरोबर असतो.

"पोरांनो, ऐका. पास म्हंजे बॉल टाकून देणं न्हवं. समोरच्याचा एक गडी जाग्यावरनं हलवायचा आणि त्यानं सोडलेल्या जाग्यात बॉल घालायचा. पळता पळता पास द्यायचा न्हाई, वाकडा जातो. आधी पळायचं बटण सोडायचं, गड्याचं तोंड फिरवायचं, मग एक्स दाबायचं. कळलं?"

मग स्पेन निघतो. 2010 चा विश्वचषक स्पेननं सात सामन्यांत अवघे आठ गोल मारून जिंकला. बाद फेरीतले चारही सामने 1-0. घरातल्या कुणाचाही वाढदिवस कोचच्या लक्षात राहत नाही, पण हे आकडे झोपेतून उठवून विचारा. "आठ गोल! पण कप कुणी नेला? बॉल आपल्याकडं असला की समोरचा गोल मारंल कशानं?"

एवढ्यात शिट्टी वाजते. कोच खेळायला बसतो आणि हे सगळं ज्ञान त्याच्या खुर्चीमागं आमच्यासारखंच बघत उभं राहतं.

डोकं स्पेनचं, पण अंगठा पेठेचा. शूटच्या बटणावर गोलाची खूण असते. कोच तिला हुकूम समजतो. सेंटर लाइन ओलांडली की त्याला गोलपोस्ट दिसायला लागते. पळायचं बटण पहिल्या मिनिटाला दाबलेलं असतं, ते थेट हाफटाइमला सुटतं. मेस्सीला घेऊन तो उजवीकडनं निघतो, तिघं अंगावर येतात, मधे आपलाच एक गडी हात वर करून मोकळा उभा असतो. सगळं पार्लर ओरडतं, "कोच, मधे हाय की! पास!"

"थांबा रं, आजून एकाला काढतो."

तो एक काही निघत नाही.

बचावाची कथा याहून करुण. पूर्वी या गेममध्ये बचाव सोपा होता. बटण दाबून धरलं की आपला गडी आपोआप बॉलवर तुटून पडायचा. 2011 साली 'फिफा 12' आला आणि ती चैन संपली. आता समोरच्यापासून थोडं अंतर राखायचं, त्याची वाट अडवायची आणि नेमक्या क्षणी पाय घालायचा. म्हणजे थांबायचं. कोचला थांबणं जमत नाही. सेंटर हाफला घेऊन तो मैदानभर बॉलच्या मागं धावतो, आणि सेंटर हाफनं सोडलेल्या जाग्यात समोरचा पोरगा अलगद बॉल घालतो. व्याख्यानातलं तत्त्व शंभर टक्के खरं ठरतं, फक्त दुसऱ्याच्या हातून.

आपला हल्ला चालू असताना फुलबॅकनं मागंच थांबावं, अशी सूचना गेममध्ये देता येते. एकानं कोचला ती काढून दाखवली. कोच दुखावला. "का? त्यानं काय पाप केलंय? त्याला बी गोल मारावा वाटत असंल की!" तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पंगतीत वाढप्यांनीच पहिल्यांदा पाटावर बसावं, तसे कोचचे दोन्ही फुलबॅक सगळ्यांच्या आधी पुढं असतात. मागं गोलकीपर एकटा उरतो. त्याला कुणीच काही वाढत नाही.

22 नोव्हेंबर 2022 ला कतारमधल्या विश्वचषकात सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला 2-1 असं हरवलं. पहिल्या हाफमध्येच अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले, कारण सौदीची बचावफळी पार वर सरकून उभी होती. कोचच्या गल्लीत निळ्या-पांढऱ्या पताकांखाली सुतक पडलं. कोच मात्र दुसऱ्या दिवशी उजळ तोंडानं आला; त्याला बचावाचा मंत्र सापडला होता. फळी किती वर उभी करायची, याचा आकडा गेममध्ये 1 ते 100 असा लावता येत असे. कोचनं 95 लावला. पण फळी वर चढवली तर बॉलवाल्यावर सतत दाब ठेवावा लागतो. त्याला मान वर करून बघायला सवड मिळाली, की फळीच्या मागं सगळं मोकळं रान. कोचचे पुढचे गडी गोल मारायला गेले होते, ते दाब कधी देणार? कॉलेजातल्या एका पोरानं त्रिकोणाचं बटण दाबून त्या रानात थ्रू-बॉल सोडायला सुरुवात केली आणि पाच गोल मारले. प्रत्येक गोलाला कोच हात वर करून "ऑफसाइड!" ओरडला. प्लेस्टेशननं पेठेचा मान ठेवला नाही. पुढं 18 डिसेंबरला अर्जेंटिनानं विश्वचषक जिंकला, तेव्हा मिरवणुकीत कोच सर्वांत पुढं होता. मागं कुणी थांबलं होतं का, हे विचारू नका.

शाहू स्टेडियमवर मात्र कोचचं रूप वेगळं. पाटाकडील असो, खंडोबा असो, दिलबहार की प्रॅक्टिस, सामना कुणाचाही असला तरी तो गॅलरीत हजर. तिथं हातात कंट्रोलर नसल्यामुळं तो निव्वळ सिद्धांतावर जगतो. "बॉल सोड की रं! एकटाच कुठं पळायलाईस!" खाली उन्हात ज्याच्या पोटरीला खरा गोळा आला आहे, तो पोरगा एकदा वर बघतो आणि पुढं पळतो. 2017 मध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा त्याला लहानपणीच ओळखलेले जाणकार गल्लोगल्ली निघाले. त्यांत कोचही होता.

कोचला खरा इंगा मिळाला तो घरात. आठवीतली पुतणी सुट्टीत मागं लागली, "काका, मला बी शिकवा की." कोचनं ठरलेलं व्याख्यान दिलं. घात असा झाला, की पोरीनं ते ऐकलं. तिनं पळायचं बटण सोडलं, गड्याचं तोंड फिरवलं, एक्स दाबलं. फुलबॅक मागं ठेवले. कोचचा सेंटर हाफ फिरतीवर गेलेला बघून एक गोल मारला आणि उरलेला वेळ बॉल आपल्यातच फिरवत बसली. या बॅककडून गोलकीपरला, गोलकीपरकडून त्या बॅकला. कोच तीन-तीन गडी घेऊन मागं धावत राहिला.

"आगं, पुढं खेळ की! ह्याला काय फुटबॉल म्हणत्यात?"

"काका, तुम्हीच सांगितलासा की."

सामना 1-0.

दुसऱ्या दिवशी ही बातमी कोचच्या आधी पार्लरमध्ये पोचली होती. पोरं टपूनच बसली होती. कोच आला, खुर्चीत टेकला आणि कुणी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "काल आमची सिस्टीम जिंकली."

"आणि तुम्ही, कोच?"

"मी समोर हुतो. सिस्टीमची टेस्ट घ्यायला कोणतरी तगडा लागतो का न्हाई?"