१९३० सालचा कागद

कद्र्याचं धरण मागे टाकून अणशी घाट चढलात की वर वनखात्याचं फाटक लागतं. तिथला पोरगा वहीत गाडीचा नंबर टिपतो, वेळ लिहितो, आत किती डोकी आहेत ते मोजतो आणि मग दांडा वर करतो. वाघांचा मुलूख आहे, चौकशी व्हायचीच. १९८७ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं, २००७ साली दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प, २०१५ साली त्याचाच काळी व्याघ्र प्रकल्प. वाघ तोच, पाटी तिसरी.

पुढच्या टपरीवर बेंगळुरूहून आलेली चार मंडळी चहा घेत होती. कसलंसं शिबिर होतं. विषय अर्थातच हवामान बदल. एकाचं म्हणणं, सगळं थोतांड आहे, पुरावा कुठाय? दुसरा मोबाइलवर आलेख मोठा करकरून दाखवत होता. गार राहावी म्हणून गाडी बाहेर तशीच घरघरत ठेवली होती. आत ड्रायव्हर झोपलेला. त्याचं मत कुणी विचारलं नाही.

बाकाच्या टोकाला एक कुणबी म्हातारा बशीतून चहा ओढत होता. 'पुरावा' म्हटल्यावर त्याने बशी खाली ठेवली. बाकीचं त्याला कळलं असेल-नसेल, पण हा शब्द त्याच्या पक्का ओळखीचा.

कारण असं. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार रानातली जमीन नावावर व्हायची, तर माणूस अनुसूचित जमातीचा तरी हवा, नाहीतर त्याच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथेच राहिल्याचं त्याने दाखवायला हवं. मोजायचं १३ डिसेंबर २००५ पासून मागे. म्हणजे १९३०. इथल्या जोयडा तालुक्यातला कुणबी कर्नाटकाच्या जमातींच्या यादीत नाही. मागणी करून करून थकला. तोच कुणबी घाटापलीकडे गोव्यात जन्मला असता तर २००३ पासून जमातीत असता आणि ही ७५ वर्षांची भानगडच उरली नसती. तेव्हा चूक असलीच तर त्याच्या आईची. बाळंतपणाला चार डोंगर पलीकडे जायला हवं होतं.

१९३० साली खाली अंकोल्यात लोक मिठाचा सत्याग्रह करत होते. त्यांच्या नोंदी झाल्या, कारण सरकारने त्यांना पकडलं. वर रानात कुणबी नाचणी पेरत होता, त्याला कोण लिहून ठेवणार? नाही म्हणायला एक वाट आहे. कुमरीवर, म्हणजे रान जाळून करायच्या फिरत्या शेतीवर, इंग्रजांनी निर्बंध घातले होते. आजोबाने चोरून रान जाळलं असेल, सापडला असेल, दंड भरून पावती जपली असेल, तर नातवाचं काम झालं. आजोबा कायदा पाळणारा निघाला असेल तर मात्र नातू बुडाला. उत्तर कन्नडात हजारो दावे या ७५ वर्षांत असे रुतून बसलेत.

खरं तर नियमात जुनं घर, विहीर, मसणवट, देवाची जागा, इतकंच काय म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. म्हातारा म्हणाला, "देवाचा रूख दाखयला सायबाक. म्हणता, रूख सही करता?"

आता पुरावा कुणाला मागितला नाही तेही बघा. काळी नदीवरचं सुपे धरण पुराव्याशिवाय झालं. १०१ मीटर उंच, १९८७ चं. त्यात तालुक्याचं ठिकाण असलेलं जुनं सुपेच बुडालं, माणसं उचलून रामनगरला ठेवली. त्याच काळीवर बोम्मनहळ्ळी झालं, कोडसळ्ळी झालं, कद्रा झालं. कद्र्याच्या पाण्यालगत कैगा. तिथल्या अणुभट्टीचा घुमट बांधतानाच मे १९९४ मध्ये कोसळला, पण तेवढ्याने कुणी थांबत नाही. आज २२० मेगावॅटच्या चार भट्ट्या आहेत, ७०० च्या आणखी दोन मंजूर. जलवीज स्वच्छ, कारण धूर नाही. अणुवीज स्वच्छ, कारण कार्बन नाही. जगाचं हवामान सुधारण्याचा मक्ता या एका खोऱ्याने घेतलाय म्हणा ना. तरी याच तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांनी दिवा पेटायची वर्षानुवर्षं वाट पाहिली. तार रानातून कशी नेणार? चारशे केव्हीची जाडजूड तार रानातून जाते, तिचं काही नाही. घरात बल्ब लावणारी बारीक तार वाघाला टोचते.

वाघासाठी जागा सोडणाऱ्या कुटुंबाला आधी १० लाख मिळत, २०२१ पासून १५ लाख. अगदी ऐच्छिक. रस्ता नाही, दवाखाना नाही, रानडुक्कर भात ठेवत नाही. इच्छा आपोआप होते. गंमत अशी, की निघतो म्हटलं तर तुम्ही इथलेच हे चटकन पटतं. राहतो म्हटलं की, कागद?

मोठ्यांना हवा असलेला हवामान बदलाचा पुरावा २०२४ साली पावसानेच आणून दिला. १६ जुलैला अंकोल्याजवळ शिरूरला हमरस्त्यावर डोंगर आला, माणसं गेली. ३० जुलैला वायनाडला तेच. दुसऱ्याच दिवशी केंद्राने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा काढला. ७ ऑगस्टला कारवारचा काळीवरचा जुना पूल ट्रकसकट नदीत बसला. (हा मुसळधारेचा नव्हे, म्हातारपणाचा बळी म्हणा, पण वेळ बरी साधली.) सप्टेंबरात कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने मसुदा फेटाळला. लोकांना नको आहे म्हणे. नकोच आहे, मीही ऐकलंय. इथे कुणालाही विचारा, 'आता गायही बांधू देणार नाहीत' असंच सांगतील. पण माधव गाडगीळांनी २०११ साली पश्चिम घाटावरचा अहवाल दिला तेव्हाच म्हटलं होतं, हा लोकांच्या भाषेत करा, ग्रामसभांपुढे ठेवा, त्यांनाच ठरवू द्या. सरकारने तो आधी कित्येक महिने दडवला आणि कोर्टाने कान धरल्यावर इंग्रजीत सोडला. ग्रामसभेपर्यंत पोचली ती फक्त गाईची गोष्ट.

टपरीवरचा वाद तापमान दीड अंश की दोन, इथवर आला होता. म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, पाऊस बदलला का हो?" तो म्हणाला, मिरग पूर्वी सांगून यायचा, आता आला तर आला. मुडलीचा कंद कुजतो, मध कमी झाला. आलेखवाल्याने ऐकलं नाही. पुरावाच मागणाऱ्यानेही नाही. साक्षीदार दोन हातांवर बसला होता.

परतताना फाटकावर पोराने पुन्हा वही उघडली. नंबर, वेळ, डोकी. इथे सही करा म्हणाला. केली. मी अणशीत तीन तास होतो, याचा सरकारी कागद झाला.