शून्य, एक, दोन

शाळेच्या प्रयोगशाळेत लंबकाइतकं सालस यंत्र दुसरं नाही. एक दोरा, टोकाला धातूचा गोळा, वर मधोमध चिरलेलं बूच आणि ते बूच चिमटीत धरून निमूट उभा असलेला लोखंडी स्टँड. वीज लागत नाही, काच फुटत नाही, हात भाजत नाही. गोळा किंचित बाजूला न्यायचा, अलगद सोडायचा, वीस दोलनांचा वेळ मोजायचा. मग चार ओळींच्या आकडेमोडीत अख्ख्या पृथ्वीची ओढ कागदावर उतरते. हातभर दोऱ्याकडून एवढी मोठी बातमी काढून घेण्यात थोडा उद्धटपणा आहे, पण फार देखणा.

अडचण एवढीच, की ही बातमी अकरावीच्या मुलांना आधीच फुटलेली असते. उत्तर 9.8. ते पुस्तकात असतं, गेल्या वर्षीच्या ताईच्या जर्नलमध्ये असतं, क्लासच्या नोट्समध्ये तर चौकटीत असतं. ज्याचं उत्तर ठाऊक आहे ते कोडं मन लावून सोडवणार कोण? त्यातून तास संपत आलेला, एका स्टँडभोवती पाच-सहा डोकी, आणि स्टॉपवॉच असं की थांबवलं तरी आपल्या मर्जीने थांबणारं. बाकीची उपकरणं कपाटात. त्या कपाटावर डेडस्टॉक रजिस्टरचा पहारा असतो. लोलक फुटला तर भरपाई आपल्या अंगावर येईल, या धास्तीने शिक्षक तो लग्नातल्या शालूसारखा वर्षातून एकदा बाहेर काढतात, सगळ्यांना लांबून दाखवतात आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवतात. इंद्रधनुष्य आत, मुलं बाहेर.

लंबक मात्र बाहेरच असतो, आणि हलतो. सर बजावून सांगतात, घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ म्हणा. मुलं ‘एक’ म्हणतात. त्यांचा तरी काय दोष? लपाछपीत राज्य आलेल्याने शून्यापासून मोजलेलं कुणी ऐकलं आहे? खळ्यावर धान्य मोजणारा मापारी तर पहिल्या मापाला ‘एक’सुद्धा म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणायचा, आणि मग दोन, तीन. भरलेल्या पहिल्या मापाला शून्य म्हणणारा मापारी कुणा शेतकऱ्याने आपल्या खळ्यात उभा केला नसता. तर ‘एक’ म्हणून सुरू केलेली वीस दोलनं प्रत्यक्षात एकोणीसच भरतात. मीटरभर लांबीच्या लंबकाला वीस दोलनांसाठी चाळीस सेकंदांहून किंचित जास्त लागतात, एकोणिसांसाठी अडतीस. दोन सेकंदांनी काय बिघडतं, असं वाटतं. पण सूत्रात वेळेचा वर्ग बसलेला असतो, आणि उत्तर येतं 10.86. वहीपुरती पृथ्वीची माया अकरा टक्क्यांनी वाढते.

मग खोडरबर निघतं. प्रयोगशाळेत सर्वांत जास्त झिजणारं उपकरण तेच, आणि रजिस्टरात नोंद नसते ती त्याचीच. ही खाडाखोड साधीसुधी नसते. तिन्ही वेळा 9.8 लिहिलं तर सर ओळखतील. म्हणून सूत्र उलटं फिरवायचं, उत्तरावरून वेळ काढायचा, तो कुठे चिमूटभर वाढवायचा, कुठे कमी करायचा आणि 9.74, 9.85, 9.81 अशी निरागस उत्तरं रांगेने उभी करायची. चूक केवढी असली म्हणजे खरी वाटते, याचा अंदाज यायला भौतिकशास्त्र बरंच यावं लागतं. त्या तासाला मुलं खरोखर शिकली असतील तर बहुधा तेवढंच. रागवावं की पाठ थोपटावी, ते ठरत नाही.

न जुळणारा आकडा न खोडणाराही एक होता. 1672 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने झाँ रिशे या खगोलज्ञाला दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या काय्येनला पाठवलं. पॅरिसच्या वेळेला लावलेलं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. सेकंद बरोबर पडावा म्हणून त्याला लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. रिशेला जर्नलवर कुणाची सही घ्यायची नव्हती. त्याने जे दिसलं ते लिहून ठेवलं. पुढे 1687 मध्ये न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’त याच न जुळणाऱ्या आकड्याचा आधार घेऊन पृथ्वी विषुववृत्ताशी फुगीर असल्याचं मांडलं. आज आपल्याला ठाऊक आहे, की विषुववृत्तावर पृथ्वीच्या ओढीचा आकडा 9.78 असतो, ध्रुवांवर 9.83, आणि महाराष्ट्रात 9.78 ते 9.79 च्या दरम्यान. चौकटीतलं नेमकं 9.8 आपल्या गावची पृथ्वीसुद्धा पाळत नाही.

सरांना हे माहीत नसतं असं नाही. विषय निघाला तर त्यांचे डोळे चमकतातही. पण टेबलावर सह्यांसाठी जर्नलांची चळत असते, पोर्शन उरलेला असतो, आणि प्रवेशपरीक्षेच्या पर्यायांत रिशे कधी येत नाही. मग 9.81 वर बरोबरची खूण होते आणि वही पुढे सरकते.

म्हणून प्रात्यक्षिकाच्या परीक्षकांना एक विनंती. एखाद्या वहीत 10.86 हे उत्तर न खोडता लिहिलेलं दिसलं, तर लाल पेन उचलण्याआधी त्या मुलीला लंबकापुढे उभं करा आणि एकदा मोठ्याने मोजायला सांगा.