पांदणीचं इंजन

शहरातली हौशी मंडळी रविवारी मुद्दाम रस्ता सोडून गाडी चिखलात घालतात, फोटो काढतात आणि सोमवारी ती धुवायला देतात. वाशिम जिल्ह्यात या हौसेला वेगळा खर्च नाही. डांबर गावाच्या शेवटच्या घरापाशी आपणहून संपतं आणि पुढं शेतापर्यंत पांदण लागते. उन्हाळ्यात फुफाटा, जुलैत चिखलाचा गारा. २०२१ साली मातोश्रींच्या नावानं शेत-पाणंद रस्त्यांची योजना आली, कुठं मुरूम पडला, कुठं खडी पडली. पण काळ्या मातीला मुरूम पचवायची सवय आहे. ती फुगते, भेगाळते आणि वर टाकलेलं सगळं हळूहळू पोटात घेते.

त्यामुळे कोणत्या इंजनाची गाडी घ्यावी, हा इथं छंदाचा विषय नाही. पेरणी आटोपली, डवरणीला अजून वेळ आहे, अशा दिवसांत तो चहाच्या टपरीवर निघतो आणि ज्याच्याकडे सायकलही नाही तोही त्यात ठाम मत देतो.

जिप्सीवाले थोडे, पण आवाज मोठा. मेळघाट-ताडोब्यात लोकांना वाघ दाखवून जिप्सीनं नाव कमावलं, ते खोटं नाही. तिचं १२९८ सीसीचं पेट्रोल इंजन पुढच्या काळात ८० हॉर्सपॉवर द्यायचं. २०१० साली आलेल्या महिंद्राच्या थारच्या स्वस्त मॉडेलात २५२३ सीसीचं डीआय डिझेल होतं, ते जेमतेम ६३. कागदावर निकाल लागला. पण जिप्सीचा टॉर्क शंभराच्या थोडा वर, आणि तोही इंजन मिनिटाला साडेचार हजार फेरे मारील तेव्हा. डीआय पंधराशे फेऱ्यांतच एकशे ऐंशीच्या पुढं जातं. गाऱ्यात इंजन जितकं किंचाळतं तितकं चाक खड्डा खणतं. तिथं हळू चालून जोर लावणारा गडी लागतो. म्हणून बहुमत डीआयचं.

डीआयचे गुण मी मोजत बसत नाही, कारण ते मोजण्याइतके नाहीत. आवाज इतका की गाडी शिवारातून निघाली की घरी चहाचं आधण चढतं. पण एक गुण मोलाचा. एकदा सुरू झालं की त्याला विजेची फारशी फिकीर नसते. हवा दाबली की तापते, तापलेल्या हवेत डिझेल पेटतं आणि पंप सगळा यांत्रिक. बॅटरी बसली तर गाडी उतारावर लावायची आणि सकाळी ढकलायची. भारनियमनाच्या मुलखात असं इंजन आपल्यातलंच वाटतं.

त्याच थारमध्ये सीआरडीई इंजनही मिळायचं, १०५ हॉर्सपॉवरचं. गुणी, शांत, शिकलेलं. त्यात डिझेल हजाराहून जास्त बार दाबानं नोझलमधून उडतं, म्हणून त्याला ते स्वच्छ लागतं. आणि आमच्याकडे डिझेल कुठून येतं? कॅनमधून. पंपावरून मोटरसायकलीवर आणलेला, झाकणाच्या जागी प्लास्टिकची पिशवी कोंबलेला, कधीकाळी फवारणीच्या औषधाचा असलेला तो कॅन. डीआय ते पिऊन दोनदा खोकतं आणि चालू लागतं. सीआरडीईचं नोझल आजारी पडतं. त्यात गाडी उभी करायची सोयाबीनच्या कट्ट्यांशेजारी, म्हणजे उंदीर आलेच. उंदरानं वायर कुरतडली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि गाडी बैलासारखी चालू लागते.

माझ्या माहितीतल्या एका मेस्तरीला मी सरळ विचारलं, सगळ्यांत भरवशाचं इंजन कोणतं? तो म्हणाला, "भाऊ, बंद तं सगळेच पडतेत. बंद पडल्यावर पाना लागते का लॅपटॉप, थे पाहा आन् मंग घ्या." कंपन्यांच्या जाहिरातींत हा मुद्दा कुठं येत नाही. ज्याचं रिंग-पिस्टन मालेगावात मिळतं (आमच्या जहाँगीर मालेगावात, नाशिकच्या नव्हे) आणि ज्याचा बिघाड आवाजावरून टपरीवरची चार माणसं ओळखतात, ते इथलं भरवशाचं इंजन. खरी परीक्षा कुणाला पाहायचीच असेल तर काळी-पिवळीत बसावं. आत किती माणसं आहेत हे ड्रायव्हरलाही नक्की ठाऊक नसतं, आणि ते इंजन वर्षानुवर्षं तेच ओझं ओढत असतं.

भरवशाचा विक्रम मात्र आमच्याकडे रुळांवर झाला. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जी शकुंतला रेल्वे जायची, तिचं वाफेचं इंजन १९२१ साली मँचेस्टरात बनलं, १९२३ला कामावर रुजू झालं आणि १९९४ला डिझेल इंजन येईपर्यंत गाडी ओढत राहिलं. सत्तर वर्षं! वेगाबद्दल कुणी बोलू नये.

आता नवं दुखणं युरियाचं आहे. २०२० पासून बीएस-६ आलं आणि त्यातल्या बऱ्याच डिझेल गाड्यांना धूर शुद्ध करायला युरियाचं पाणी लागतं. साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. ते संपलं की गाडी आधी इशारा देते आणि तरी ऐकलं नाही तर एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. कपाशीसाठी युरियाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे सांगून पाहा. "म्हंजे आता हिलेही डोस द्या लागते का?" असं विचारून तो गाडीकडे फार संशयानं पाहतो.

त्यात समृद्धी महामार्ग. डिसेंबर २०२२ला नागपूर-शिर्डी सुरू झाला आणि कारंजा, शेलूबाजार, मालेगाव हे सगळे त्याच्या काठावर आले. आता गिऱ्हाईकाला एकच गाडी सकाळी पांदणीत आणि दुपारी ताशी १२०नं नागपूरकडे न्यायची असते. डीआय ऐंशीच्या पुढं असं थरथरतं की आरशात मागची गाडी एक की दोन, ते कळत नाही. दोन्ही जमणारं इंजन नव्या थारमध्ये आहे, पण तिथं पुन्हा लॅपटॉप.

आणि खरं सांगायचं तर मृगाचा जोरदार पाऊस झाल्यावर या साऱ्या चर्चेला अर्थ उरत नाही. काळा गारा टायरच्या नक्षीत भरतो, टायर तासलेल्या लाकडासारखा गुळगुळीत होतो, मडगार्डात माती कोंबली जाते आणि १३० हॉर्सपॉवर असो की ६३, चाक जागच्या जागी फिरतं. वाफसा येईपर्यंत थांबायचं, नाहीतर ट्रॅक्टर बोलवायचा. १९६३ साली महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरशी करार केला, त्यातून बी-२७५ ट्रॅक्टर आणला आणि पुढं त्याच घराण्यातलं डिझेल इंजन आपल्या जीपमध्ये बसवलं. म्हणजे ट्रॅक्टर जीपला ओढतो तेव्हा नात्यातलाच माणूस मदतीला आलेला असतो.

एवढा अभ्यास घेऊन मी घरी बसलो आणि टॉर्क, नोझल, युरिया असं सगळं वडिलांपुढं मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, अडकित्ता खाली ठेवला आणि विचारलं, "थे जाऊ दे. तिच्यात सोयाबीनचे कट्टे किती बसतेत?"