एकूण नग किती?

इंडियाना जोन्स गुहेतून जिवाच्या आकांताने पळत होता आणि मागून तो अगडबंब गोल धोंडा गडगडत येत होता. घरातले सगळे श्वास रोखून बसले होते. मी विचारलं, "याची पाण्याची बाटली कुठंय?"

"मामी, प्लीज!" भाची म्हणाली. आमच्या ह्यांनी नुसता सुस्कारा सोडला. तेहतीस वर्षांच्या संसारात घोटून घोटून तयार झालेला सुस्कारा आहे तो. त्याला आणखी शब्द लागत नाहीत.

पण माझं काय चुकलं? हा माणूस पेरूच्या जंगलात आलाय. डोक्यावर हॅट, कमरेला चाबूक आणि खांद्याला एक पिशवी. भाची ॲनिमेशन शिकते, त्यामुळे तिला सिनेमातलं नको तेवढं ठाऊक असतं. ती म्हणाली, ही पिशवी म्हणजे ब्रिटिश सैनिकांची गॅस मास्क ठेवायची पिशवी. असेल. मास्क मावत असेल. पंचा, साबणाची डबी आणि बदलायचा एक सदरा काही त्यात मावणार नाही.

सिनेमातलं मला फारसं कळत नाही. दिग्दर्शक नक्की काय करतो हेही मला अलीकडेच समजलं. पण सामान भरण्यातलं कळतं. डोंबिवलीहून रत्नागिरीला चार माणसं आठ दिवसांसाठी निघाली, की आमचे सात नग होतात. ते घरातून निघताना मोजायचे, रिक्षात मोजायचे, ठाण्याच्या फलाटावर मोजायचे आणि पुढे कोकण रेल्वेचा प्रत्येक बोगदा संपला की मोजायचे, कारण अंधारात कोण काय करील याचा नेम नाही. शिवाय दशम्यांचा डबा हा नगात धरायचा नसतो, तो मांडीवर असतो. असा प्रवास केलेल्या बाईने साहसपट बघायचा तरी कुठल्या डोळ्यांनी?

त्यात हे गृहस्थ प्रवासाला निघाले, की पडद्यावर नकाशा येतो, त्यावरून एक लाल रेघ सरकते आणि नेपाळ आलंसुद्धा! वेटिंग लिस्ट नाही, खिडकीच्या जागेवरून भांडण नाही, "मधल्या स्टेशनावर वडे बरे मिळतात" म्हणून कुणी उतरत नाही. (आमच्याकडे उतरतात. गाडी सुटता सुटता चढतात. साहस ते हेच, पण त्यावर कुणी सिनेमा काढत नाही.)

गंमत अशी, की पडद्यावरच्या माणसाला सामानाचं महत्त्व नसलं तरी पडद्यामागच्या एकाला ते पक्कं कळलं होतं. 1981 चा हा पहिला सिनेमा. त्यात भर बाजारात काळ्या कपड्यांतला एक तलवारबहाद्दर समोर येतो, गरागरा तलवार फिरवतो आणि जोन्स कंटाळल्यासारखा पिस्तूल काढून त्याला सरळ गोळी घालतो. थेटरात लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं तर तिथे चाबूक विरुद्ध तलवार अशी लांबलचक मारामारी ठरली होती. पण चित्रीकरण ट्युनिशियात आणि हॅरिसन फोर्डचं पोट साफ बिघडलेलं. फार वेळ उन्हात उभं राहायची सोय नव्हती. तेव्हा गोळी घालून मोकळं होऊ या, असं ठरलं. चमूतल्या बऱ्याच जणांची हीच गत झाली होती. धडधाकट राहिला तो दिग्दर्शक स्पिलबर्ग, कारण तो बरोबर आणलेल्या डब्यांतलं बंद अन्नच खात होता.

हे ऐकल्यापासून मला त्या माणसाबद्दल आदर आहे. बाकीचे लोक त्याला थोर म्हणतात ते वेगळ्या कारणांसाठी. आता विचार करा, फोर्डच्या आईने त्याच्या बॅगेत एक जायफळ आणि सहाण टाकली असती, तर सिनेमातला सगळ्यात गाजलेला प्रसंग झालाच नसता. "बघितलंस?" हे म्हणाले, "सामान कमी असलं की कला घडते." त्या दिवशी मी ह्यांना चहा उशिरा दिला.

1984 च्या दुसऱ्या भागात मंडळी भारतात येतात. येतात म्हणजे काय, शांघायहून निघालेल्या विमानातून वैमानिकच पळून जातात आणि हे तिघं रबरी होडी फुगवून त्यातून हिमालयात उडी मारतात. बरोबर विली नावाची गायिका आहे, अंगात टिकल्याटिकल्यांचा झगा. दुसरा कपडा नाही! ती बिचारी सिनेमाभर कुरकुर करते म्हणून तिला पुष्कळांनी नावं ठेवली. मला विचाराल तर त्या सिनेमात शहाण्यासारखं वागणारी ती एकटीच. (पुढे स्पिलबर्गने तिचं काम करणाऱ्या केट कॅपशॉशी लग्न केलं. डबा नेणाऱ्या माणसाला माणसांची पारख असते.)

मग राजवाड्यातली ती प्रसिद्ध पंगत. अख्ख्या अजगराच्या पोटातून वळवळणारे साप, डोळे तरंगणारं सूप आणि शेवटी माकडाचा गारेगार मेंदू. आपल्या सरकारने चित्रीकरणाला हरकत घेतली आणि सगळा भारत श्रीलंकेत उभा करावा लागला, त्यात नवल नाही. माझी हरकत जरा वेगळी आहे. एवढी मोठी पंगत, पण मीठ-लिंबू कुणी वाढलं नाही.

त्यातला माणसाचं काळीज हाताने काढणारा मोलाराम म्हणजे आपले अमरीश पुरी. सिनेमात जम बसण्याआधी त्यांनी वर्षानुवर्षं कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरी केली होती. हेही सरकारी नोकरीतूनच निवृत्त झालेत, त्यामुळे तो प्रसंग ह्यांनी जाणकाराच्या नजरेने पाहिला. "फाईल काढावी तसं काढलं बघ," हे म्हणाले. "कुठे घाई नाही, गडबड नाही."

ह्यांचं मत असं, की साहसपट मोठ्यांचे आणि कार्टून पोरांची. मला तर उलटंच वाटायला लागलंय. माणसांच्या सिनेमात कुणाला घरदार नसतं. कार्टूनमध्ये असतं.

'टॉय स्टोरी' घ्या. 1995 चा, अख्खा संगणकावर केलेला पहिला मोठा सिनेमा म्हणून त्याचं कौतुक. मला त्यातलं आवडलं ते हे, की त्यातल्या लोकांना घर बदलायचंय. वुडी नावाचा तो कापडी बाहुला सगळ्या खेळण्यांची सभा घेतो आणि बजावतो, की शिफ्टिंगच्या वेळी प्रत्येकाने आपापला जोडीदार धरून ठेवा, कुणी मागे राहता कामा नये. म्हणजे नगच मोजतोय ना तो! शेवटी स्वतःच मागे राहतो आणि सामानाच्या ट्रकमागे धावतो, हेही अगदी खरं. नग मोजणारा माणूस स्वतःला मोजायला विसरतो. ठाण्याला एकदा माझं असं झालंय. गाडीत सातही नग होते.

'फाइंडिंग नेमो'मधला तो बापमासा तर आमच्या बिल्डिंगमध्ये सहज खपला असता. पोराच्या शाळेचा पहिला दिवस आणि हा घरातून बाहेर पडायच्या आधी दहा वेळा आत-बाहेर करायला लावतो. अख्ख्या सिनेमाचं म्हणणं असं, की बापाने एवढं घाबरू नये. पण पोरगं हात सोडून पुढे गेलं आणि पाणबुड्याने उचलून सिडनीला नेलं की नाही? भाचीने सांगितलं, की त्या जातीच्या माशांत मादी मेली की थोरला नरच मादी होतो. म्हणजे खरं तर सिनेमा संपेपर्यंत नेमोचा बाप त्याची आई व्हायला हवा होता. हे म्हणाले, "मग काळजीचं कोडं सुटलं."

आणि मग 'अप'. "पुन्हा कार्टून?" असं हे म्हणाले, तेव्हा भाचीने ऐकवलं, की 2009 साली कानच्या महोत्सवाची सुरुवात याच कार्टूनने झाली होती. कानचं नाव निघाल्यावर हे चष्मा पुसून बसले.

पहिल्या काही मिनिटांत कार्ल आणि एली यांचा अख्खा संसार होऊन जातो, एकही शब्द न बोलता. दक्षिण अमेरिकेतल्या धबधब्याला जायचं म्हणून दोघं बरणीत नाणी साठवतात. गाडीचं टायर फुटतं, बरणी फोडा. पाय मोडतो, फोडा. छपरावर झाड कोसळतं, फोडा. आमच्याकडे बरणी नव्हती, पोस्टाचं रिकरिंग होतं आणि धबधब्याच्या जागी अंदमान होतं. त्यातून आत्तापर्यंत एक फ्रिज, एक कॉलेजचा प्रवेश आणि दोनदा गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालंय. मी बाजूला पाहिलं. हे पुन्हा चष्मा पुसत होते.

तर हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा घरालाच फुगे बांधून उडतो. उड्डाणाच्या दृश्यात एकूण 20,622 फुगे आहेत म्हणे. भाचीला त्यांची दोऱ्यांसकट काळजी. मला वेगळाच आनंद झाला होता. कपाट, भांडी, पडदे, चष्म्याची डबी, सगळं बरोबर आणि मोजायला नग फक्त एक! आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात उत्तम पॅकिंग.

पण पुढे फुग्यांतली हवा कमी होते, घर काही केल्या उचललं जात नाही, तेव्हा कार्ल घरातलं सामान बाहेर फेकायला लागतो. फ्रिजसुद्धा. मला बघवेना. ह्यांना मात्र भलतंच स्फुरण चढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर चढून माळ्यात डोकं घालून उभे. "हलकं व्हायचंय आपल्याला," आतून आवाज आला.

आधी लग्नातला होल्डॉल खाली आला. त्यात एक सुटकेस. सुटकेसमध्ये एक बॅग, बॅगेत कापडी पिशव्या आणि त्या पिशव्यांमध्ये आणखी पिशव्या. सगळं पुसून, उन्हं दाखवून, ज्या क्रमाने निघालं त्याच क्रमाने मी परत आत घातलं. दुपारपर्यंत झालेल्या वादावादीनंतर घराबाहेर टाकायला एकमताने एकच वस्तू निघाली. लाल झाकण. कुठल्याशा वॉटरबॅगचं, जी गेली पंधरा वर्षं कुणी पाहिली नव्हती.

संध्याकाळी कचऱ्याची गाडी ते घेऊन गेली. रात्री हे पुन्हा स्टुलावर चढले, होल्डॉल नीट मागे सरकला नव्हता म्हणून. आणि तिथूनच, अगदी हळू आवाजात म्हणाले, "अगं, वॉटरबॅग सापडली."