दोन फिल्सचा सूर्य

ऊन कमी पडलं म्हणून कुवैतचा सौर प्रकल्प रखडला, असं कुणी म्हणणार नाही. 21 जुलै 2016 रोजी कुवैतच्या मित्रिबाहला 53.9 अंश तापमान होतं. जागतिक हवामान संघटनेने खातरजमा करून त्यावर शिक्काही मारला. उन्हाला मंजुरी मिळाली, पॅनेलांचं घोडं अडलंय.

2012 साली दोह्याच्या हवामान परिषदेत कुवैतच्या अमिरांनी शब्द दिला होता: 2030 पर्यंत 15 टक्के वीज अपारंपरिक. त्यातून शगायाच्या वाळवंटात 70 मेगावॉट उभे राहिले. त्याच वाळवंटातला दिब्दिबाह प्रकल्प मात्र हजार मेगावॉटच्या वरचा. त्याच्या निविदेच्या तारखा सरकत राहिल्या आणि 2020 च्या जुलैत कोविडचं कारण देऊन मंत्रिमंडळाने तो गुंडाळला. एक युनिट वीज निघाली नाही. सल्लागार वकिलांची बिलं तेवढी निघाली असणार.

वकिलांना दोष देऊ नये, कायदाच रसाळ आहे. 2014 च्या सरकारी-खाजगी भागीदारी कायद्यानुसार सहा कोटी दिनारांवरच्या प्रकल्पाची कंपनी काढायची, तिचे निम्मे शेअर कुवैती नागरिकांना द्यायचे, उरलेल्यात गुंतवणूकदार आणि सरकारी संस्था. म्हणजे नागरिक मालक. ग्राहकही तेच, आणि त्यांच्या घरचा दर 1966 पासून युनिटला दोन फिल्स, आपले साठेक पैसे. 2016 च्या कायद्याने दर वाढवले ते इतरांचे. नागरिकांच्या घरांना हात लावायची कुणाची छाती झाली नाही. आता प्रकल्पाची वीज घेणारं गिऱ्हाईक एकच, वीज मंत्रालय, आणि ते तोट्यात विकणारं. बँकेचा वकील विचारतो, पैसे थकले तर हमी कुणाची? मग हमीच्या कलमावर बैठका.

त्यात पॅनेलांवर धूळ. 1980 च्या नागरी संहितेत अनपेक्षित आपत्तीची सवलत आहे. पण वाळवंटात वादळ उठेल याची कल्पना नव्हती, हे ठेकेदाराने कुठल्या तोंडाने सांगायचं? तेही अरबीत, कारण कोर्टाची भाषा अरबी.

विलंब काही सौर प्रकल्पापुरता नाही. अझ-झौर नॉर्थ या गॅसवरच्या वीजकेंद्राचा पहिला करार डिसेंबर 2013 चा, पुढच्या टप्प्यांचा ऑगस्ट 2025 चा. दरम्यान पुण्याची मेट्रोसुद्धा धावू लागली. पूर्वी विलंबाचं खापर संसदेवर फोडता यायचं. मे 2024 पासून तीच स्थगित, म्हणजे तीही सोय गेली. पुढच्याच महिन्यात वीज कमी पडली आणि भारनियमनाचं वेळापत्रक आलं. कुवैतमधल्या मराठी मंडळींना ते वाचायला कुणी शिकवावं लागलं नाही.

आता इलेक्ट्रिक गाड्या. साधं पेट्रोल 85 फिल्स लिटर, पंचवीस रुपयांच्या आतबाहेर. तरी एखाद्या हौशी नागरिकाने गाडी घेतलीच, तर ती घरी दोन फिल्सच्या दराने चार्ज होते, आणि ती वीज येते तेल-वायू जाळून. म्हणजे गाडी तेलच पिते, फक्त सरकारी खर्चाने. अशा ठिकाणी चार्जिंग स्टेशन टाकायला निघालेल्या उद्योजकाच्या करारात दराचा रकाना काय भरायचा? वकील तो तूर्त मोकळा ठेवतात आणि बाकीची कलमं घ्यायला लागतात. तासाचे पैसे त्याचेही लागतातच.