उचल किती?

माझे बूट सात हजारांचे आहेत हे मी आल्यागेल्याला सांगतो. बायकोला सांगितलेला आकडा वेगळा आहे.

बूट घेतले तेव्हा कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं. म्युनिकला असलेल्या माझ्या भाच्यानं माँ ब्लाँला प्रदक्षिणा घातली, तिथून हे सगळं सुरू झालं. एकशे सत्तर किलोमीटर, तीन देश, दिवसभर डोंगर तुडवायचा आणि संध्याकाळी पुढची झोपडी गाठायची. झोपडी म्हणजे आपलं म्हणायचं. तिथं गरम सूप मिळतं, गादी मिळते आणि जागा कित्येक महिने आधी राखून ठेवावी लागते. फोटोत भाचा त्या झोपडीच्या ओट्यावर असा काही दमून बसला होता, की आपणही आयुष्यात एकदा तसं दमावं असं मला चोपन्नाव्या वर्षी वाटलं. जिना चढून दमतो त्याचा फोटो कोण काढतं?

आल्प्स परवडणार नव्हता. म्हटलं, घरचा बालाघाट काय वाईट आहे? आता धाराशिवकराची गिर्यारोहणात एक मुळातली अडचण आहे, ती म्हणजे आपण आधीच वर बसलेलो असतो. बार्शीकडून येणारा घाट चढून येतो, सोलापूरचा माणूस तुळजापूरचा घाट चढून येतो. आम्हाला डोंगर चढायचा तर आधी गाव सोडून खाली उतरावं लागतं. तरी मार्ग आखला. लेणी, तिथून येडशीचा रामलिंग, येरमाळ्याची येडाई, तेरखेडा, मग वाशीकडच्या वाड्या-वस्त्या करत कुंथलगिरी. शेवटी खव्याचं गाव ठेवलं, हा योगायोग नव्हे. नकाशावर सुतळी लावून मोजलं तर शंभरेक किलोमीटर भरलं. सहा दिवस, पाच मुक्काम. झोपड्या नाहीत म्हणून कुणाचा आखाडा, कुणाच्या मळ्यातली कोपी, एक देवळाची ओसरी असं जमवलं. त्याचा एक्सेलमध्ये तक्ता केला. चौदा रकाने. एका रकान्याचं नाव ‘संभाव्य संकटे’ होतं आणि तो भरताना मला जो आनंद झाला, तो मी कुठं बोललो नाही.

मोहिमेत आम्ही तिघं: मी, एक वकील आणि एक दाताचा डॉक्टर. तारीख ठरेना. उन्हाळ्यात जाणं म्हणजे आत्महत्या, असं डॉक्टर म्हणाला. पावसाळ्यात काळी माती बुटाला असली चिकटते, की शंभर पावलांत प्रत्येक पायात दोन-दोन किलो रान होतं. थंडी उरली. तर थंडीत वाघ आला.

थट्टा नाही. डिसेंबर 2024 मध्ये येडशी-रामलिंगच्या अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात खराखुरा पट्टेरी वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून आला होता, चारशेहून अधिक किलोमीटर चालत. त्याच्याकडं तक्ता नव्हता. त्यानं कुणाच्या आखाड्यावर फोन करून ‘दोन चादरी काढून ठेवा’ असं सांगितलं नव्हतं. ताडोबाहून त्याला पकडायला पथक आलं, त्यांच्याही तो हाती लागेना. मी ‘संभाव्य संकटे’मध्ये ‘वाघ’ लिहिलं आणि वकिलानं त्याच रात्री कंबर दुखत असल्याचं कळवलं.

पण वाघाचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. चालण्यातला माझा खरा गुरू दुसराच आहे, आणि त्याच्याबद्दल बोलायला लागलो की माझ्या घरचे उठून आत जातात. उस्मानाबादी शेळी! काळीभोर, कान लोंबते, चेहऱ्यावर पेन्शनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा भाव. 2023 मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, शाळेचे शिक्के बदलले. शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही अर्ज केला नाही. बूट घ्यायच्या आधी मी तळव्याच्या पकडीवर चार रात्री वाचन केलं. मग एका सकाळी हातलाईच्या डोंगराकडं गेलो, तर एक शेळी सरळसोट धोंड्याच्या कडेवर चारही खूर एका वाटीएवढ्या जागेत ठेवून उभी होती आणि वर मान करून बोरीचा पाला खात होती. मी खालून पाऊण तास बघत राहिलो. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बुटांकडं बघितलं आणि पुन्हा पाल्याकडं वळली. दुष्काळात टिकते, काट्याकुट्यावर जगते, बहुतेक वेळा जुळी देते आणि त्या जुळ्यांना चौथ्या दिवशी तोच धोंडा दाखवते. गिर्यारोहणाचं शिक्षण याहून वेगळं काय असतं? (तिच्या मटणाबद्दलही मला आदर आहे, पण तो विषय इथं काढणं बरं दिसणार नाही.)

तर सराव. पाठीवरच्या पिशवीत दहा किलो ज्वारी भरून मी रोज पहाटे गावातून चालायला लागलो. पहिल्याच दिवशी तीन रिक्षा थांबल्या. “स्टँड का?” चौथ्यानं विचारलंही नाही, पिशवीला हात घातला. आठवड्यानं एका ओळखीच्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “वहिनींशी काही झालंय का?”

शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चाललं होतं. तिथं वाळू चाळणारा एक वाशीकडचा माणूस मला रोज जाता-येता बघायचा. दिवाळीच्या तोंडावर त्यानं विचारलंच.

“कुठं जायलाव सर? रोज बोजा घेऊन जाताव अन् माघारी येताव.”

मी समजावून सांगितलं. डोंगरानं चालायचं. सहा दिवस. रात्री कोपीत राहायचं.

त्यानं चाळणी खाली ठेवली. “मुकादम कोण हाय?”

“मुकादम नाही. आमचं आम्हीच.”

“मग उचल किती घेतलाव?”

मी हसलो. तो हसला नाही. पाठीवर ओझं घेऊन, घर सोडून माणूस कोपीत राहायला जातो ते कशासाठी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फक्त आकडा ठाऊक नव्हता. त्यानं ऊसतोडीसाठी घेतलेल्या उचलीचा स्वतःचा आकडा सांगितला, मागच्या साली न फिटलेला धरून. नवरा-बायको दोघांची मिळून उचल, दोघांचा मिळून एक कोयता. दोन माणसं राबवायची आणि एक मोजायचं, हे गणित माझ्या चौदा रकान्यांत कुठंच बसत नव्हतं.

खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला. इतक्या हौसेनं जमवलेले माझे कष्ट त्यानं एका शब्दात फुकट घालवले. घरी येऊन मी बायकोवर उगाच ओरडलो.

दुसऱ्या दिवशी तोच आपणहून आला. रस्ता कुठून जातो विचारलं. मी मोबाईलवर तक्ता उघडून गावं वाचली तसा एका नावावर त्यानं हात वर केला. त्याची वस्ती तिथून जवळ होती. पोराला या साली म्हातारीपाशी ठेवलं होतं, चौथीला आहे, फडावर नेलं की शाळा बुडते. “जाताजाता बघताव का? जायलंय का न्हाई साळंला. म्हतारीला फोनवर ऐकू येत न्हाई, अन् पोरगं खोटं बोलतंय.” मग चार दिवसांनी एका पहाटे प्लॉटवर चाळणी होती, तो नव्हता.

मोहीम पुढं ढकलली, ती अजून पुढंच आहे. पण तक्त्यातल्या चौथ्या मुक्कामासमोर मी ‘शाळा बघणे’ एवढं लिहिलं होतं, ते पुसवेना. शेवटी जानेवारीत एसटीनं फाट्यावर उतरलो आणि तीन किलोमीटर चाललो. या मोहिमेत आजवर झालेली चाल तेवढीच. वस्तीवर निम्म्या दारांना कुलपं होती. उरलेल्या दारांत म्हाताऱ्या होत्या.

पोरगं शाळेत होतं. मास्तरांनी हजेरी दाखवली. दोन दिवसांचा खाडा, तोही तापाचा. म्हातारीनं चहा ठेवला आणि माझ्याकडच्या घडीच्या दोन काठ्या उलटसुलट करून बघितल्या. जोडीला सव्वीसशे पडले होते, तो आकडा मी तिला सांगितला नाही.

“दोन काठ्या कशाला बाबा? चालाय येत न्हाई का?”

“येतं की.”

“मंग एक राहू दे हितं.”

फाट्याकडं परत निघालो तेव्हा ती माझी काठी टेकत डोंगराच्या बाजूला चालली होती. पुढं सात शेळ्या, सगळ्या काळ्या. पायांत झिजलेल्या चपला होत्या, आणि चढावर तिनं मला पहिल्या वळणालाच मागं टाकलं असतं, म्हणून मी एसटीची वेळ झाल्यासारखं घड्याळ बघितलं.