बांगडा आणि स्टीलचा साबण

रविवारी बांगडे साफ केले की सोमवारच्या मीटिंगपर्यंत बोटं चहाडी करत राहतात. यावर आता बाजारात स्टीलचा साबण मिळतो. फेस नाही, सुवास नाही, झिजायचं नाव नाही. नुसता गुळगुळीत गोळा. घरी आला तेव्हा सासूबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. “मग आपला नळ कशाचा आहे गं?” नळही स्टीलचाच. तरी चार दिवस इमानाने गोळाच चोळला. पैसे मोजले होते ना!

माशाचा वास म्हणजे मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन, अल्कधर्मी. नेहमीची साबणवडीही अल्कधर्मीच, म्हणजे चोराच्या भावालाच पहाऱ्यावर बसवलेलं. आंबट लागलं की मात्र त्याचा क्षार होतो, आणि क्षार उडून नाकात जात नाही. त्यामुळे पिळलेल्या लिंबाची फोड किंवा सोलकढीतून उरलेली आमसुलं पुरतात. बोटं गुलाबी होतात, तेवढं चालवून घ्यायचं. लसणीचं खातं वेगळं; तिथे गंधक, ती लिंबाला फारशी भीक घालत नाही.

गोळा सध्या फ्रिजवर, लिंबांच्या टोपलीशेजारी. पाहुण्यांना तो पेपरवेट वाटतो. मी वाटू देते.